‘दुर्बिणीचं झालंय’ : पित्तनलिकेत विसरलेल्या स्टेंटचं एक प्रकरण

मराठीत ‘दुर्बीण’ या एका शब्दावर आपण भलतंच ओझं टाकलंय. जठर तपासायची ती दुर्बीण, पोटाला चार भोकं पाडून पित्ताशय काढायचं तेही दुर्बिणीचं ऑपरेशन, गुडघ्यात घालतात तीही दुर्बीण, आणि तोंडातून आत जाऊन पित्तनलिकेतले खडे काढते तीसुद्धा दुर्बीणच. रोजच्या बोलण्यात यानं काही बिघडत नाही. या प्रकरणात मात्र बिघडलं.

मी एंडोस्कोपी विभागात परिचारिका म्हणून काम करते. खाली जे सांगितलंय ते एका रुग्णाचं म्हणून सांगितलंय, पण आमच्या कामात पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या गोष्टी जोडून ते बेतलंय. कुणा एका व्यक्तीची ओळख त्यात शोधू नये.

बावन्न वर्षांच्या एक काकू रात्री अकराच्या सुमारास आल्या. दात वाजतील अशी थंडी, 103 ताप, डोळे पिवळे, पोटात उजवीकडे बरगडीखाली दुखणं. थंडीताप, कावीळ आणि उजव्या कुशीतली कळ हे त्रिकूट एकत्र दिसलं की पित्तनलिकेत पू होतोय असं समजायचं, हे एकोणिसाव्या शतकात शार्को नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं लिहून ठेवलंय आणि ते आजही चालतं. नाडी 120, रक्तदाब 92/60. म्हणजे जंतू रक्तात उतरायला लागले होते.

मुलाला विचारलं, आधी काही झालंय का? तो म्हणाला, “हो, सात महिन्यांपूर्वी आईचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालंय. खडे काढलेत.” ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं : पित्ताशय काढलेलं आहे. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. शंभरातल्या नव्वद वेळा या वाक्याचा अर्थ तोच असतो.

पण काकूंच्या पोटावर एकही व्रण नव्हता. बेंबीपाशी नाही, बरगडीखाली नाही. हे मी पाहिलं ते ईसीजीच्या तारा लावताना, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्याचा अर्थ लागला नाही. अर्थ लागला सोनोग्राफीच्या खोलीत. तिथल्या डॉक्टरांनी प्रोब फिरवता फिरवता विचारलं, “पित्ताशय काढलं असं कोण म्हणालं? इथेच आहे. खड्यांनी भरलंय.” मग प्रोब जरा आत वळवून ते गप्प झाले. पडद्यावर फुगलेल्या पित्तनलिकेत दोन पांढऱ्या रेषा दिसत होत्या, रुळांसारख्या एकमेकींना समांतर. प्लॅस्टिकची नळी सोनोग्राफीत तशीच दिसते.

मी काकूंना विचारलं, “आत नळी ठेवली होती, ती काढली का?” ग्लानीतच त्यांनी डाव्या हाताची मागची बाजू दाखवली. “काढली ना, घरी सोडताना.” त्या सलाईनच्या सुईबद्दल बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी मुलानं घरून जुनी फाईल आणली. त्यात सगळं होतं. सात महिन्यांपूर्वी त्यांना कावीळ झाली, बिलिरुबिन (कावीळ मोजायचा रक्तातला आकडा) 5.2. मुख्य पित्तनलिका बरीच फुगलेली, एरवी ती साधारण 6 मिलिमीटरच्या आत असते. आत दोन खडे. एका रुग्णालयात ईआरसीपी झाली, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेतले खडे काढायची प्रक्रिया. एक खडा निघाला. दुसरा 16 मिलिमीटरचा होता, तो निघेना, म्हणून पित्ताला वाट राहावी यासाठी प्लॅस्टिकचा स्टेंट, म्हणजे बारीक नळी, टाकून डॉक्टर थांबले. हा निर्णय योग्यच होता. डिस्चार्जच्या कागदावर इंग्रजीत दोन छोटी वाक्यं होती : ‘सीबीडी स्टेंट इन सिटू. रिव्ह्यू आफ्टर सिक्स वीक्स.’ म्हणजे मुख्य पित्तनलिकेत स्टेंट ठेवलेला आहे, सहा आठवड्यांनी रिव्ह्यू.

माझ्या मते सगळी गोष्ट या दुसऱ्या वाक्यात अडकली आहे. रिव्ह्यू म्हणजे काय? घरच्यांनी अर्थ काढला की दाखवायला जायचं. आणि सहा आठवड्यांनी काकू ठणठणीत होत्या. कावीळ उतरली होती, भूक परतली होती, खाज थांबली होती. बरं असताना दाखवायला कोण जातं? कावीळ उतरली होती ती स्टेंटमुळे. खडा आतच होता आणि पित्त त्याच्या शेजारून नळीतून वाहत होतं. म्हणजे ज्या नळीनं त्यांना बरं वाटलं, त्याच बऱ्या वाटण्यामुळे ती नळी विसरली गेली.

आता ईआरसीपी म्हणजे काय ते जरा नीट सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पूर्ण नाव एंडोस्कोपिक रेट्रोग्रेड कोलँजिओपँक्रिएटोग्राफी. हे नाव रुग्णानं लक्षात ठेवायची काही गरज नाही, ‘ईआरसीपी’ एवढी चार अक्षरं मात्र जरूर ठेवावीत. यकृतातून पित्त आणणारी नळी आणि स्वादुपिंडातून पाचकरस आणणारी नळी, या दोन्ही लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात एका छोट्या उंचवट्यावर उघडतात. त्याला पॅपिला म्हणतात. नेहमीच्या दुर्बिणीचा कॅमेरा नाकासमोर बघतो. ईआरसीपीच्या दुर्बिणीचा कॅमेरा बाजूला बघतो, म्हणून तो उंचवटा समोरून दिसतो. तिथून बारीक तार आत सरकवायची, रंगद्रव्य सोडायचं, एक्स-रेच्या पडद्यावर नळीचा आकार पाहायचा. मग विजेच्या तारेनं पॅपिलाचं तोंड थोडं कापून मोठं करायचं, आणि फुग्यानं किंवा तारेच्या टोपलीनं खडे आतड्यात ओढून आणायचे. पोटावर टाका नाही, भोक नाही. आणि पित्ताशयाला यात कुणी हातही लावत नाही. खडे बहुतेकदा तयार होतात पित्ताशयात. ईआरसीपीत निघतात ते फक्त नळीत उतरलेले.

अमेरिकेतल्या शल्यविशारदांनी 1968 मध्ये पहिल्यांदा दुर्बिणीतून या नळ्यांत रंगद्रव्य सोडलं. तेव्हा ती तपासणी होती. 1974 मध्ये जर्मनीत आणि जपानमध्ये पॅपिला कापून खडे काढता येतात हे दाखवलं गेलं आणि तपासणीचा उपचार झाला. पुढे एमआरसीपी आली, म्हणजे एमआरआयच्या यंत्रात नुसता फोटो काढायचा. शिवाय एंडोस्कोपिक सोनोग्राफी आली. नळीत खडा आहे की नाही हे आता कुठलीही तार आत न घालता कळतं. त्यामुळे नुसतं ‘बघून घेऊ’ म्हणून ईआरसीपी करायचे दिवस संपले. डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न मला वाटतं हाच : तुम्ही आत जाऊन काय करणार आहात? उत्तर ‘खडा काढणार’, ‘अडथळा मोकळा करणार’, ‘गळती बंद करणार’ असं काहीतरी क्रियापदाचं यायला हवं. ‘काय आहे ते बघू’ असं आलं, तर एमआरसीपीनं भागेल का हे शांतपणे विचारावं.

काकूंच्या बाबतीत हा प्रश्नच नव्हता. पू झालेली नळी उघडायला हवी होती, तीही लवकर. रात्रीच अँटिबायोटिक आणि सलाईन सुरू झालं, रक्त कल्चरला गेलं, दुसऱ्या दिवशी दुपारची वेळ ठरली.

संमतीपत्राच्या वेळी मुलगा अडून बसला. “मागच्या वेळी दुर्बीण झाल्यावर रात्रभर आईच्या पोटात कळा येत होत्या. तीन दिवस जास्त ठेवलं. काहीतरी चुकलं होतं, पण कुणी सांगितलं नाही.” फाईल पाहिली. ॲमिलेज (स्वादुपिंड सुजलं की रक्तात वाढणारं पाचकद्रव्य) मर्यादेच्या चौपट, स्वादुपिंडाला सौम्य सूज. आमचे सर, म्हणजे ईआरसीपी करणारे डॉक्टर, स्टूल ओढून त्याच्याशेजारी बसले आणि पंधरा मिनिटं बोलले. त्या गडबडीत त्यांनी पंधरा मिनिटं काढली याचं मला बरं वाटलं.

ते म्हणाले ते असं. दोन्ही नळ्यांचं दार एकच असल्यामुळे पित्तनलिका शोधताना तार कधी कधी स्वादुपिंडाच्या नळीत जाते, दार सुजतं, रसाची वाट अडते. ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला सूज येणं ही या प्रक्रियेची सर्वांत नेहमीची गुंतागुंत आहे. साधारण शंभरातल्या तीन ते दहा जणांना ती होते. बहुतेकांना सौम्य, दोन-तीन दिवसांत निवळणारी, पण थोड्यांना गंभीर आणि क्वचित जिवावर बेतणारी. निष्णात हातांतही होते. याशिवाय कापलेल्या जागेतून रक्तस्राव शंभरात एक-दोघांना, आतड्याला छिद्र त्याहूनही कमी जणांना, आणि नळी पूर्ण मोकळी झाली नाही तर जंतुसंसर्ग. “चुकलं नव्हतं,” सर म्हणाले, “पण हे आधी सांगायला हवं होतं. ते राहिलं असेल तर ती चूक.”

मुलानं मान्य केलं की मागच्या वेळी त्यानंच सही केली होती, रात्री, उभ्या उभ्या. आठवत होतं ते एवढंच : भूल, दुर्बीण, सही.

मग त्याचा पुढचा प्रश्न, जो प्रत्येकानं विचारावा : “ती सूज येऊ नये म्हणून काय करता?” उत्तर आहे, आणि ते साधं आहे. इंडोमेथासिन किंवा डायक्लोफिनॅकची 100 मिलिग्रॅमची गोळी गुदद्वारातून देतात. जास्त धोका असलेल्या 602 रुग्णांवरची एक चाचणी 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात इंडोमेथासिन दिलेल्यांमध्ये सुजेचं प्रमाण 9.2 टक्के होतं, न दिलेल्यांमध्ये 16.9 टक्के. किडनीचा त्रास किंवा त्या औषधाची ॲलर्जी असेल तर देत नाहीत. जोडीला शिरेतून भरपूर सलाईन, आणि धोका जास्त वाटला तर स्वादुपिंडाच्या नळीत एक बारीक स्टेंट. हा स्टेंट बहुतेकदा आपोआप गळून शौचावाटे जातो. गेला की नाही हे दोनेक आठवड्यांनी एक्स-रेवर बघतात आणि नसेल गेला तर काढतात.

इथे थोडं विषयांतर करते. सुजेचा धोका सर्वांत जास्त कुणाला? तरुण बाई, बिलिरुबिन नॉर्मल, नळी फुगलेली नाही, आणि पूर्वी स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेली. म्हणजे ज्यांना ईआरसीपीची गरज सर्वांत कमी, त्यांनाच धोका सर्वांत जास्त. पित्ताशय काढल्यावरही पोट दुखत राहतं, तपासण्या सगळ्या साफ येतात, आणि ‘दुर्बिणीनं तोंड कापून द्या’ म्हणून माणसं हटून बसतात. अशा 214 रुग्णांवर एक अभ्यास झाला, 2014 मध्ये छापून आला. काहींचा पॅपिला खरंच कापला, काहींच्या बाबतीत नुसतं कापल्यासारखं केलं. नुसतं केल्यासारखं केलेल्यांपैकी 37 टक्क्यांना चांगला आराम पडला, कापलेल्यांपैकी 23 टक्क्यांना. हे आकडे मी वेटिंगमधल्या अशा रुग्णांना सांगते. काहीजण ऐकतात.

काकूंची तयारी करताना आणखी एक गोष्ट बाहेर आली. हृदयासाठी त्या रोज ॲस्पिरिन घेत होत्या, आणि आजार सुरू झाल्यापासून घरच्यांनी ती आपणहून बंद केली होती, ‘दुर्बिणीत रक्त जाईल’ म्हणून. ॲस्पिरिन सहसा बंद करावी लागत नाही. क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या असतील तर बंद करायच्या का, किती दिवस आधी, हे पोटाचे आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतात. आपण मनानं चालू ठेवूही नये आणि बंदही करू नये. पेसमेकर, ॲलर्जी, गरोदरपण हेही सांगायचं. पूर्वी जठराचं किंवा आतड्याचं ऑपरेशन झालं असेल तर ते आवर्जून, कारण आतला रस्ताच बदललेला असतो आणि ही दुर्बीण पॅपिलापर्यंत पोचतच नाही असं होऊ शकतं.

आत गेल्यावर पडद्यावर दिसलं ते असं : पॅपिलातून स्टेंटचं टोक बाहेर डोकावत होतं, काळपट, त्यावर गाळाची बुळबुळीत टोपी. सरांनी तारेच्या फासात ते पकडलं आणि हळूच ओढलं. मागोमाग पित्त आलं, आधी पिवळट पांढरा घट्ट पू, मग हिरवं, मग सोनेरी. कुणी काही बोललं नाही. भूलतज्ज्ञ तेवढे म्हणाले, “प्रेशर सुधारेल आता.”

काढलेला स्टेंट मी स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवला. 10 फ्रेंचचा होता. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर, तेव्हा जाडी 3.3 मिलिमीटर, बॉलपेनच्या रिफिलएवढी. नवा असताना आरपार दिसतो. हा आतून पूर्ण बुजलेला, तपकिरी मातकट गाळानं भरलेला. प्लॅस्टिकवर जंतूंचा पातळ थर जमतो, त्याला पित्तातला गाळ चिकटतो आणि नळी हळूहळू बंद होते. म्हणून प्लॅस्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांच्या आत काढायचा किंवा बदलायचा असतो. जास्त राहिला तर त्याच्याभोवतीच नवा खडा धरतो. धातूचे जाळीदार स्टेंट फुलल्यावर 10 मिलिमीटरपर्यंत रुंद होतात आणि जास्त टिकतात, पण ते वेगळ्या आजारांसाठी असतात. त्यांतले काही काढायचे असतात, काही कायमचे. आपल्या पोटातला कुठला, हे कागदावर असलंच पाहिजे.

मोठ्या खड्याला त्या दिवशी हात लावला नाही. नवा स्टेंट टाकून बाहेर आलो. मुलाला वाटलं, पुन्हा अर्धवट. पण पू झालेल्या, रक्तदाब उतरलेल्या माणसाच्या नळीत खड्याशी झटापट करायची नसते. आधी वाट मोकळी करायची, खडा नंतर.

घरी सोडताना या वेळी मी कागदावर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलं : ‘पित्तनलिकेत प्लॅस्टिकची एक नळी आहे. ती आपोआप पडत नाही. ती दुर्बिणीनंच काढायची आहे. पित्ताशय काढलेलं नाही.’ खाली तारीख, विभागाचा फोन, आणि आमच्या स्टेंटच्या रजिस्टरमधला क्रमांक. ज्यांच्या पोटात आमचा स्टेंट आहे त्यांची नावं त्या वहीत असतात आणि तारीख उलटली की आम्ही फोन करतो. ही वही सगळीकडे नसते. जिथे नाही तिथे रुग्णाचा कागद हीच वही.

रुग्ण बेफिकीर होता असं म्हणून हे प्रकरण मिटवता आलं असतं. विभागाच्या बैठकीत एकानं तसं म्हटलंही. मला ते पटत नाही. ज्या कागदावर ‘रिव्ह्यू’ लिहिलंय, ‘नळी काढणे’ लिहिलेलं नाही, तो कागद घेऊन घरी गेलेल्या माणसाला बेफिकीर कसं म्हणायचं? घरच्यांचा वाटा मी धरते तो एवढाच, की त्यांनी सोडताना ‘आत काही ठेवलंय का, ते कोण आणि कधी काढणार’ हे विचारलं नाही. पण विचारायला हवं हे त्यांना कुणी सांगितलं होतं?

घरी गेल्यावर कशासाठी परत यायचं, हेही मी काकूंकडून म्हणून घेतलं. वाढत जाणारी पोटदुखी, विशेषतः पाठीत घुसणारी आणि सोबत उलट्या असतील तर. थंडी वाजून ताप. काळी डांबरासारखी शौच किंवा रक्ताची उलटी. कापलेल्या जागेतून रक्त आठवड्या-दोन आठवड्यांनीही येऊ शकतं, हे बहुतेकांना माहीत नसतं. पुन्हा पिवळे डोळे, गडद लघवी, खाज. ‘गॅस झाला असेल’ म्हणून आम्लपित्ताची गोळी घेऊन रात्र काढायची नाही. घसा एक-दोन दिवस खवखवतो, पोट थोडं फुगतं, त्याची काळजी नको.

दुर्बिणीच्या स्वच्छतेबद्दल काही नातेवाईक दबक्या आवाजात विचारतात, त्यांना मी मोकळेपणानं सांगते. या दुर्बिणीच्या टोकाला तार वळवणारा एक छोटा पत्रा असतो, त्याच्या सांदीत जंतू अडकू शकतात. 2015 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं यावर इशारा दिला होता. त्यानंतर धुण्याचे नियम कडक झाले, टोकाची टोपी एकदाच वापरून टाकायची अशा दुर्बिणी आल्या. विचारलेलं कुणाला आवडो न आवडो, विचारावं.

पाच आठवड्यांनी काकू ठरल्या तारखेला आल्या. मुलाच्या फोनमध्ये तीन गजर लावलेले होते. सरांनी पॅपिला 15 मिलिमीटरच्या फुग्यानं रुंद केला, खडा तारेच्या टोपलीत धरून आतच चिरडला, तुकडे ओढून काढले, शेवटी रंगद्रव्य सोडून नळी साफ असल्याचं पाहिलं. स्टेंट काढला, नवा टाकला नाही. इंडोमेथासिन दिलं होतं. त्या रात्री पोट दुखलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याच मुक्कामात पित्ताशय काढलं, पोटाला चार भोकं पाडून, त्या दुसऱ्या दुर्बिणीनं. पित्ताशय ठेवलं असतं तर त्यातले खडे पुन्हा नळीत उतरू शकले असते.

सोडताना कागदावर लिहिलं : ‘पित्तनलिका मोकळी. आत कोणतीही नळी नाही.’ काकूंनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

“सिस्टर, पित्ताशय?”

“तेही नाही.”

“मग ते पण लिहा.”

लिहिलं.